जुन्या तारखेची पिशवी

प्रिय रुद्रेश,

माझं पत्र पाहून घाबरू नकोस, अव्वा बरी आहे. फोनवर आपण दोघं 'जेवलास का, पाऊस कसा आहे' याच्या पुढं जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

अव्वा गेल्या महिन्यात गोठ्यात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, धाराशिवला ऑपरेशन झालं. तुला कळवू नको असं तिनंच बजावलं होतं. आता काठी घेऊन अंगणातल्या बेलापर्यंत जाते. काल शिवांजली धरायला गेली, तर म्हणाली, "सोड गं, म्या काय म्हातारी हाय का?" हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

ऑपरेशननंतर तिचं रक्त कमी झालं होतं. डॉक्टरांनी लगेच चढवलं नाही. पूर्वी अशा वेळी सरळ दोन पिशव्या द्यायचे म्हणे. आता अभ्यास करून कळलंय की बऱ्याच पेशंटला थांबता येतं, आणि लागलंच तर एक देऊन पुन्हा तपासायचं. पुढं हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलं, तिला दम लागायला लागला, तेव्हा पिशवी आली. माझी नजर आपोआप तारखेवर गेली. रक्त काढून महिना होत आला होता.

मला काय आठवलं असेल ते तुला सांगायला नको. शिवांजली झाली त्या दिवशी गिरिजाचं रक्त थांबेना. तिचा गट निगेटिव्ह, धाराशिवात मिळेना. तू सोलापूरहून बर्फाचा डबा मांडीवर घेऊन जीपनं आलास. थोरल्या काकांनी पिशवीवरची महिनाभर जुनी तारीख मोठ्यानं वाचली. अव्वा रात्रीची भाकरीसुद्धा सकाळी माणसाच्या ताटात वाढत नाही. तिच्या तोंडून निघून गेलं, "शिळं आणलंस व्हय रे?" संध्याकाळी गिरिजा गेली. तिसऱ्या दिवसाचं झाल्यावर तू पुण्याला गेलास. सणाला तुझ्याकडून साड्या येतात, तू येत नाहीस. तुला कुणी जा म्हटलं नव्हतं. थांब असंही कुणी म्हटलं नाही.

तर अव्वाच्या पिशवीचं. मी तारीख वाचताना अव्वानं पाहिलं आणि विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. तिनं हात पदराखाली घेतला. "ताजं आणा, न्हायतर ऱ्हाऊ द्या." डॉक्टर रागावले, शिवांजली रडली, तरी हात बाहेर येईना. शेवटी रक्तपेढीतल्या निकिता मॅडम आल्या. कॉटवर तिच्याजवळ बसून म्हणाल्या, "आजी, ही भाकरी नाही." त्यांनी सांगितलं की ही शंका डॉक्टरांनाही होती. म्हणून वेगवेगळ्या देशांत हजारो पेशंटवर अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काहींना ताजं रक्त दिलं, काहींना बरेच दिवस ठेवलेलं. मग कोण वाचलं, कोण गेलं ते मोजलं. दोन्हींत फरक निघाला नाही. थंडाव्यात नीट ठेवलेलं आणि मुदतीतलं असलं की झालं.

अव्वानं मान मॅडमकडं वळवली. मग म्हणाली, "म्हंजी माझी सून शिळ्यानं न्हाय गेली?" मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी जमेल तसं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, इतकं रक्त जात असताना एका पिशवीनं भागत नाही, पण ती नसती तर बाईंना तेवढा वेळही मिळाला नसता. अव्वानं पदराखालून हात काढून पुढं केला.

तो वेळ तू पाहिला नाहीस. तू बाहेर व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून बसला होतास. पिशवी चढली आणि गिरिजाच्या ओठांना रंग आला. तिनं पोरीला मागून घेतलं, छातीशी धरलं. "नाक भावजींचं उचललंय," म्हणाली आणि हसली. दुपारभर पोर तिच्याजवळ होती. शिवांजलीला आईनं घेतलं होतं ते त्या एका दुपारी, आणि ती दुपार तू आणलीस. मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. पण हे माझ्याबरोबर जायला नको.

शिवांजलीला आता अठरा पूर्ण होतील. तिचाही गट आईचाच निघाला. त्याच दिवशी, गिरिजाच्या पुण्यतिथीला, ती पहिल्यांदा रक्त द्यायला जाणार आहे, आणि रुद्रेशकाकांनी सोबत यावं असं तिचं म्हणणं आहे. पण पत्र लिहायला लावलं ते अव्वानं. फोन लावून देतो म्हटलं, तर नको म्हणाली, लेकाचा आवाज ऐकला की आपल्याला बोलता यायचं नाही. तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो: "रुद्र्या, माझ्या अंगात महिन्याचं रक्त फिरतंय अन् म्या चालतीय. तवा बोलले ते चुकलं माझं. ये बाबा." ती रोज बेलापर्यंत का जाते ते मला आज कळलं. तिथून एसटीचा थांबा दिसतो.

तुला घ्यायला थांब्यावर येणारा,
तुझाच,
अण्णा