टोफू नसलेली आमटी

चुंचॉन, ६ नोव्हेंबर

ती. मालसूनताईस, शि. सा. न.

हिवाळ्यासाठी कोबीची किमची घालून झाली, पण यंदा मिठाचा अंदाज चुकला. लक्षच लागत नाही. टीव्हीवर मुलींच्या सुधारगृहाची ती मालिका सुरू झाल्यापासून मला जेवण जात नाही. हारिमच्या होणाऱ्या सासूबाई, ग्वाकबाई, एकही भाग चुकवत नाहीत. परवा फोनवर म्हणाल्या की असल्या पोरी घरात आल्या तर चांदीचे चमचे कुलपात ठेवावे लागतील. हसल्या. मीही हसले, ताई.

आमची हारिम सोळाव्या वर्षी अशाच ठिकाणी होती, हे तिने नवऱ्यामुलाला सांगितलंय. त्याच्या आईला मात्र कुणीच सांगितलेलं नाही. आणि येत्या रविवारी मायलेक जेवायला येतायत. त्यांना कळलं तर लग्न मोडेल. काय करू, लगेच कळव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ओकबून

मोकपो, ९ नोव्हेंबर

चि. ओकबून हिस, अनेक आशीर्वाद.

मालिका मीही बघते. कोठडीतल्या मुलींचे केस रोज धुतलेले दिसतात, बाकी बरी आहे.

हारिमने मैत्रिणींच्या नादाने दुकान फोडलं, शिक्षा भोगली आणि बाहेर आली. आत अजून तूच बसली आहेस. ग्वाकबाईंना रविवारच्या आधी सांगून टाक. लग्नानंतर कळलं तर त्या आपल्याला लबाड म्हणतील, आणि मला त्यांचंच म्हणणं पटेल.

सांगवत नसेल तर निदान नेहमीसारखी वाग. लपवायला गेलीस की तू काहीतरी जास्तीचं करतेस. लहानपणी लोणच्याची बरणी फोडलीस आणि न सांगता सगळं फडताळ आवरलंस, तेव्हाच आईला संशय आला.

तब्येतीला जप. बोलते कडक, पण काळजी वाटते म्हणूनच.
मालसून

चुंचॉन, १९ नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं ऐकलं नाही. त्याच आठवड्यात मालिकेतली मुलगी सुटली आणि फाटकाशी आईने तिला, सुटून येणाऱ्याला देतात तसा, पांढरा टोफू भरवला. तो भाग ग्वाकबाईंनीही पाहिला असणार म्हणून मी घाबरले. रविवारी टोफूचा तुकडाही ताटात येऊ दिला नाही, आमटीतसुद्धा नाही.

ग्वाकबाईंनी पळीने आमटी दोनदा ढवळली आणि विचारलं, चुंचॉनमधला टोफू संपला की काय विहीणबाई? हारिमने चमचा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. म्हणाली की सुटले तेव्हा आईनेही टोफू आणला होता. पुन्हा आत जायची वेळ येऊ नये म्हणून तो सगळा खायचा असतो, पण एका घासातच मला उलटी झाली. आई अजून त्या उरलेल्या टोफूला भिते.

ग्वाकबाई भरल्या ताटावरून उठल्या. मुलाला चल म्हणाल्या आणि तोही गेला. त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. हारिम कामावर जायची आणि येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. मी तर लग्नाचं कापड परत करायला काढून ठेवलं होतं.

आज सकाळी ग्वाकबाई दारात. हातात टोफूची गरम वडी. हारिमला म्हणाल्या की अर्धवट काम टाकणारी सून मला चालायची नाही, बस आणि संपव. समोर बसून राहिल्या. पोरीने नाक पुसत पुसत सगळी वडी खाल्ली. मध्येच सोया सॉस मागितला, तर म्हणाल्या, हा असाच खायचा असतो, सॉस लग्नानंतर.

जाताना मला म्हणाल्या की चमच्यांचं बोलले ते विसरा. विसरणार नसाल तर नका विसरू, पण आमटी तरी नीट करा.

लग्न वसंतात आहे. नक्की ये, लोभ घेऊन ये, आणि तेवढी बरणीची गोष्ट तिथे काढू नकोस.
तुझी ओकबून