मातामायचा एकच डोळा

माय, त्याचे डोळे कुठं असतात ते आज सापडलं. रत्नागिरीला लेकीकडे आले आहे. संध्याकाळच्या ओहोटीला खडकावर पालथी पडून एका डबक्यात डोकावत होते. लोक म्हणाले असतील, हिला झालं तरी काय! पगडीसारखा गुंडाळलेला तो जाड शंख आधी मला दगडच वाटला, अंगावर शेवाळ चढलेलं. मग त्याच्या तोंडावरचं झाकण, त्याचं दार हललं, दोन बारीक शिंगं बाहेर आली आणि त्यांच्या बाजूला आखूड देठांवर दोन काळे ठिपके. हेच विचारलं होतंस ना तू?

जवाहरनगरच्या क्वार्टरमधले ते दिवस. सिहोऱ्याला आजोबांच्या खळ्यावर धानाचं कुसळ डोळ्यांत गेलं, मी चोळत बसले आणि दोन्ही डोळे सुजून बंद झाले. डॉक्टरांनी दोन्हींवर पट्टी बांधली. तू गावदेवी मातामायला नवस बोललीस, "पोरीले दिसू दे, तुले दोन डोळे वाहीन." शेजारच्या कोकणातल्या काकूंनी मला चाळा म्हणून असाच एक शंख दिला. बाहेरून खरबरीत, आतून गुळगुळीत. त्याचं झाकण सुटं होतं, गोटीएवढं. एका अंगानं फुगीर, दुसऱ्या अंगानं सपाट. सपाट अंगावर आतआत फिरत जाणारी रेघ होती. त्या रेघेवरून बोट फिरवत मी दिवस काढले.

झाकण पाहून तू हरखलीस. "अवो, हा त् डोळाच हाये! दुसरा कुठी हाये?"

काकू हसल्या. "डोळा नाही हो वहिनी, दार आहे. रात्री बाहेर येऊन खडकावरचं शेवाळ खरवडतो. भ्याला की आत शिरतो आणि हे ओढून घेतो. एका जिवाला एकच दार."

तू हिरमुसलीस, नवस दोन डोळ्यांचा होता. पण लगेच म्हणालीस, "मंग त्याचे डोळे कुठी असतीन वो?" काकूंना सांगता येईना, आणि तुझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

पट्टी सुटली त्या दिवशी परातीत पाणी घालून तू तळ्यातली गोगलगाय ठेवली होतीस. "आपली बी दार लावतेच ना, हिलेच पाहू." आपण दोघी ताटकळत बसलो आहोत. ती हळूच निघते. तू ओरडतेस, "अगे, ते पाह्य, शिंगाच्या बुडाशी!" मलाही दिसतात, मी टाळ्या पिटते. मग तू माझ्या उजव्या डोळ्यावर हात ठेवतेस. "आता सांग, कुठी हायेत?"

नुसता पांढुरका उजेड. परात नाही, तू नाहीस.

"नाही दिसत, माय."

तू हात काढला नाहीस.

डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं, ते कायमचं. तरी तू मला घेऊन सिहोऱ्याला गेलीस आणि ते झाकण मातामायच्या शेंदरात दाबून बसवलंस. मी चिडले, "तिनं अर्धंच त् केलं, मंग कायले देते?" तू म्हणालीस, "एक वाचवला ना तिनं. एकाचा एक."

मला तुझा भयंकर राग आला होता. आता लेकीची आई झाल्यावर कळतं, तू खुश नव्हतीस, उरलेल्या डोळ्यासाठी घाबरली होतीस.

तू गेलीस, हे पत्र मी आता कुठल्या पेटीत टाकणार? पण सांगूनच टाकते. दर वर्षी मातामायपुढे उभी राहिले की तुला वाटायचं, पोरगी डोळे मिटून हात जोडते. मी उजवा उघडा ठेवून बघत असायचे, शेंदरातल्या त्या दाराआडून काही बाहेर येतं का.