तुमच्या सहीचं कर्नेल

मॅडम,

तुम्ही गेलात आणि त्यानंतरही तुमच्या सहीची कर्नेलं येत राहिली. पहिलं आलं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. तुम्ही आधीच करून ठेवलं असेल, फोनची लाइन मिळाली नसेल, आता कशीबशी मिळाली, असं मीच गटातल्या सगळ्यांना कळवून टाकलं. दुसरं आलं तेव्हा मी इंदूरच्या माझ्या खोलीत होते. ऑफिसला निघायचं होतं, केस ओले होते, उभ्या उभ्याच मी पॅकेज उतरवलं आणि सही तपासायला सांगितली. पडद्यावर नेहमीची ओळ उमटली: सही खरी आहे. त्यापुढे तुमचं नाव. पंखा फिरत होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता, आणि मी पटकन मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी असण्याचं काही कारण नव्हतं.

सही म्हणजे काय ते तुम्हीच शिकवलंत. पॉलिटेक्निकच्या त्या लॅबमध्ये खिडक्यांना निळा कागद चिकटवलेला असायचा, त्यामुळे दुपारीही आत पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं. तुम्ही मासिकाबरोबर आलेली सीडी साडीच्या पदराने पुसता आहात आणि सांगता आहात: कर्नेल हा संगणकाचा गाभा, त्याच्या खाली नुसतं यंत्र. हे कर्नेल कुणाच्या मालकीचं नाही, जगात कुणीही वाचावं, कुणीही बदलावं. म्हणूनच कुणीतरी ते वाचून, नीट बांधून, खाली सही करायला हवी, म्हणजे दूर कुठे बसलेल्या माणसाला कळेल की हे वाटेत कुणी बदललेलं नाही आणि कुणीतरी याची जबाबदारी घेतली आहे. आपल्या अक्षरांत, मराठी-हिंदीत चालणारी एक फुकट प्रणाली काढायची म्हणून देशभरातून दहा-बारा वेड्यांचा आपला गट जमला होता आणि त्यांच्यासाठी कर्नेल बांधायचं काम उज्जैनमधल्या एका मास्तरीणबाईंकडे होतं. शेजारच्या भाभींना कर्नेल म्हणजे फौजेतला कर्नल वाटायचा. त्या कुंपणावरून विचारायच्या, "क्यों दीदी, कर्नल साहब का फोन आया क्या?" आणि तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचात, "हाँ, आज फिर नाराज हैं।"

एकदा मी अक्षरांचं एक छोटंसं पॅकेज बांधून त्यावर माझी सही ठोकून दिली होती. तुम्ही नानाखेड्याच्या घरी बोलावून घेतलंत. समोर पोहे ठेवलेत आणि माझा पहिला घास व्हायच्या आत विचारलंत, "वाचलंस?"

"वाचलं ना. म्हणजे वरवर."

"मग सहीपण वरवर करायची होतीस."

आवाज चढवला नव्हतात. पोहे तसेच ठेवून मी पॅकेज वाचायला बसले.

तुमची स्वतःची रीत मी पाहिलेली होती. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत ते मशीन. रोजची कामं ते आपलं आपण करायचं: फोन लावून गटाच्या सर्व्हरवरून नवे बदल ओढून आणायचं, कर्नेल बांधायला घ्यायचं. बांधणी चालू असेपर्यंत तुम्ही ते बदल छापून घेऊन ओट्यापाशी उभ्या राहून वाचायचात, फोडणीचे डाग पडलेले कागद. बांधून झालं की मशीन वाजायला लागायचं आणि परवलीचं वाक्य मागायचं. पटलं तर तुम्ही वाक्य टाइप करायचात, सही व्हायची, पॅकेज जायचं. नाही पटलं तर त्याला वाजू द्यायचात आणि शेवटी बंद करून टाकायचात. मी विचारलं होतं, सहीपण मशीनलाच का नाही करू देत? "मशीनला काय पटणार, काय नाही पटणार?" असं म्हणाला होतात.

त्यामुळेच मी घाबरले. तुमच्याशिवाय सही होऊच शकत नव्हती. मग तिसरं कर्नेल आलं, आणि मी ते उघडून वाचायला घेतलं तर आत तो बदल होता. गटातल्या एकाने पुष्कळ महिन्यांपूर्वी पाठवलेला: डिस्कवर लिहायचं ते लगेच लिहायचं नाही, बराच वेळ मेमरीत धरून ठेवायचं आणि मग एकदम उतरवायचं, म्हणजे मशीन चपळ वाटतं. तुम्ही तो परत परत नाकारला होतात. "जिथे बत्ती जात नाही तिथे ठीक आहे," असं तुम्ही त्याला लिहिलं होतंत, "आमच्याकडे दिवसभर कटौती असते. लिहिलं म्हटलं की लिहून झालंच पाहिजे." तुम्ही गेल्यावर त्याने तो सर्व्हरवरच्या मूळ साठ्यात घातला, हरकत घेणारं कुणी नव्हतं, आणि आता त्याच्याखाली तुमची सही होती. एका लहान गावातल्या रक्तपेढीने तुमचं नाव बघून, न विचारता, ते कर्नेल चढवलं. दुपारी वीज गेली. परत आली तेव्हा रक्तगटांच्या सगळ्या नोंदी नाहीशा झालेल्या होत्या. तिथल्या माणसाचा मला फोन आला. तो चिडलेला नव्हता, हीच पंचाईत होती. तो नुसतं म्हणत होता, "पण मॅडमची सही होती हो."

गटातल्या कुणी लिहिलं, मॅडमची सही करायची किल्ली, मशीनमधली ती गुप्त फाइल, चोरीला गेली. कुणी लिहिलं, भूत आहे, आणि पुढे हसरा चेहरा काढला. मी उज्जैनची बस धरली.

उन्हाळा होता. नानाखेड्याला उतरले तेव्हा स्टँडवर कुत्रीसुद्धा बसच्या सावलीत शिरून पडली होती. तुमच्या कॉलनीत एक माणूस दिसला नाही. फाटकाशी पोचले तर तुमच्या खोलीतून मशीनचा पंखा ऐकू येत होता, आणि खिडकीच्या जाळीतून पडद्याचा हिरवट उजेड दिसत होता. तुमच्या यजमानांनी, काकांनी, दार उघडलं. बँकेतून निवृत्त झालेला तो ताठ माणूस, दाढी वाढलेली, पण शर्ट इस्त्रीचा.

"ये बेटा, ये. चाय घेशील ना? लगेच करून टाकतो."

तुमची खोली जशीच्या तशी होती. कीबोर्डच्या शेजारी तुमचा चष्मा, काचा पुसलेल्या. खुर्चीवर तुमची उशी, त्यावर नुकतं कुणी बसून उठल्यासारखा खळगा. मी तिकडे बघायचं टाळलं.

"काका, मॅडमच्या मशीनवर कुणी येऊन बसतं का? कुणी विद्यार्थी वगैरे?"

"कोण येणार? मी असतो. ती असते." एवढं बोलून ते थांबले. "मतलब, तिचं काम असतं."

आणि त्याच वेळी आतून मशीन वाजलं. मला अंगावर पाणी पडल्यासारखं झालं. काकांनी कपबशी खाली ठेवली आणि "आलो, आलो," म्हणत ते लगबगीने आत गेले. मी मागोमाग. ते तुमच्या खुर्चीवर बसले नाहीत. स्टूल ओढून बाजूला बसले, जणू खुर्ची रिकामी नाही, आणि तिच्यावरून हात लांब करून एका बोटाने टाइप करायला लागले. प्रत्येक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत. "अहो… जरा… गॅस… बंद… करता… का."

पडद्यावर सही झाल्याची ओळ आली. मोडेम किरकिरायला लागला. पॅकेज निघालं होतं. मी काही बोलायच्या आधी भिंतीतून फोनची तार उपटली.

"अगं! काय केलंस? तिचं काम अर्धवट राहिलं ना!"

"काका, हे वाक्य तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? किती वर्षं ऐकलं." ते तारेकडे बघत होते. "तिला टाइप करताना पुटपुटायची सवय होती. मला वाटायचं, मलाच सांगतेय. मी उठून किचनमध्ये जायचो, तर गॅस बंदच. एकदा भडकलो तिच्यावर. तेव्हा हसत सुटली. म्हणाली, तुम्हाला नाही हो, मशीनला सांगतेय. मग ती गेल्यावर हे वाजायला लागलं. बंदच होईना. पूरा घर वाजत होतं. मला सहन होईना, म्हणून मी सांगितलं त्याला. तर गप्प बसलं."

आम्हाला तुम्ही बजावायचात की परवलीचं वाक्य ओठांवरसुद्धा येऊ देऊ नये. आणि स्वतः ते भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं म्हणत होतात. मला हसू आलं आणि लगेच रडूही, आणि काका माझ्याकडे बघत राहिले.

मी त्यांना रक्तपेढीचं सांगितलं. त्यांना मशीनमधलं काही कळत नव्हतं, पण सही कळत होती, जन्मभर त्यांनी काउंटरवर सह्या ताडून पाहिल्या होत्या. खातेदार वारल्यावर त्याच्या सहीचा चेक आला तर काय करायचात, असं मी विचारलं.

"मतलब मी तिच्या नावाने खोटी सही करत होतो."

"खोटी नव्हती, काका. सही खरीच होती. फक्त आधी वाचणारं कुणी नव्हतं."

ते मान हलवत राहिले. मग सहज, चहात साखर किती असं विचारावं तसे म्हणाले, "पण पहिलं मी नाही केलं."

"पहिलं कुठलं?"

"ती गेल्यावर जे पहिलं गेलं म्हणतेस ते. तेव्हा मी घरात नव्हतोच. सिद्धवटावर विधी चालले होते, राहायला फ्रीगंजला भावाकडे. घराला कुलूप होतं, चावी माझ्या खिशात. मी परत आलो तेव्हा हे शांत होतं. त्यानंतरच्या वेळेपासून वाजायला लागलं."

भर दुपारी, त्या बंद खिडक्यांच्या खोलीत मला थंडी वाजली. मी भराभरा बोलत सुटले: तुम्ही आजारी पडण्याआधी सही करून ठेवली असेल, फोन लागल्यावर मशीनने ती आपली आपण पाठवली असेल, किंवा काकाच विसरले असतील, त्या दिवसांत कुणाला काय आठवतं. "असेल," काका म्हणाले. ते माझ्याकडे नाही, तुमच्या उशीकडे बघत होते.

किल्ली रद्द करायची होती. त्यालाही तेच वाक्य लागतं. मी तुमच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले आणि आज्ञा टाइप केली.

"मग तिची सही कुठेच चालणार नाही?"

"नाही, काका."

"जुन्या कामावरची?"

"दिसेल. पण सोबत लिहिलेलं येईल, की रद्द झाली."

मशीनने वाक्य मागितलं. मी हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. "तू नको. 'अहो' मला म्हटलंय तिने." पहिल्यांदा त्यांचं चुकलं. दुसऱ्यांदा बरोबर आलं. काहीच आवाज झाला नाही, नुसती एक ओळ आली आणि खाली रिकामी जागा. काका उठून स्वयंपाकघरात गेले. चहा होऊन बराच वेळ झाला होता, गॅस बंद होता हे मी पाहिलं होतं. तरी मला नॉब फिरवल्याचा आवाज ऐकू आला, पुढे आणि मागे.

फ्रीगंजच्या एका सायबर कॅफेत जाऊन मी किल्ली रद्द झाल्याची नोंद सगळीकडे पाठवली, कारण तुमच्या घरची तार परत जोडायचा मला धीर झाला नाही. ते कर्नेल मागे घेतलं. रक्तपेढीवाल्यांनी गावात दवंडीसारखी गाडी फिरवून रक्तदात्यांना पुन्हा बोलावलं, सगळ्यांचे गट नव्याने तपासले. सुदैवाने त्या दिवसांत चुकीचं रक्त कुणाला चढलं नाही. कर्नेलचं काम माझ्याकडे आलं, माझ्या किल्लीवर. मी प्रत्येक ओळ वाचायचे. काका पावसाळ्याआधी घर आवरून भावाकडे गेले आणि आणखी काही वर्षं होते. मी भेटायला जायचे. सर्व्हर, सही, यातलं ते कधीच काही बोलले नाहीत. कधी तरी मध्येच बोलणं थांबवून दुसऱ्या खोलीकडे कान द्यायचे, मग माझ्याकडे बघून ओशाळं हसायचे.

गटात तो किस्सा अजून सांगतात. उज्जैनच्या एक बाई, मेल्यानंतरही कर्नेल पाठवायच्या. नवी मुलं विचारतात, खरंच का? मी काकांचं नाव त्यात कधी येऊ दिलं नाही. ते पहिलं पॅकेज माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे. सहीच्या पोटात ती केव्हा झाली ते लिहिलेलं असतं, बघायचं तर एका ओळीचं काम. मी बघितलेलं नाही.

गट आता विखुरला आहे. सर्व्हर मात्र चालू आहे, आणि त्यावरची तुमच्या नावाची मेलची पेटी कुणी बंद केलेली नाही. बंद करायचं काम माझंच. मागे एकदा मी त्या पत्त्यावर एक कोरी मेल टाकून पाहिली होती, ती परत आली नाही. हे सगळं लिहून तोच पत्ता वर घातला आहे, आणि आता ते न पाठवता असंच ठेवून देणार आहे. खरं सांगते मॅडम, मला उत्तराची भीती वाटते.