कॅप्टन टिमटिमचे ओठ

शुक्रवार, ५ डिसेंबर

फोन आलाच. शुक्रवारी संध्याकाळी नांदेडहून ताहेरभाईंचा फोन येणार म्हणजे येणार. वाक्यही ठरलेलं – "म्याडम, नुसता कानाला लावा." मी मनतशाला आमच्या कर्णबधिर शाळेच्या वसतिगृहाच्या ओट्यावर जवळ घेतलं आणि फोन तिच्या कानातल्या मशीनला टेकवला. तिला त्यातून काय पोचतं? डब्यावर बोटं वाजवावीत तसलं काहीतरी. शब्द पोचत नाही. तरी सहा वर्षांची पोर शहाण्यासारखी मान डोलावते. पलीकडे बाप बोलतोच आहे – जेवली का, थंडी लई हाय, स्वेटर घाल, अम्मी याद करती. सगळं मलाच ऐकू येतं. माझ्यासाठी नसलेलं!

शेवटी फोन माझ्याकडे. "बोलली का काही?"

"प्रयत्न चालू आहेत."

"दिवाळीला बी हेच बोलले होते तुम्ही." रागानं नाही, थकून. मग एका दमात – "नाताळच्या सुट्टीला न्यायला येतो. तवर एक डाव 'अब्बा' म्हणाली तर ठेवतो तुमच्या लातूरला. न्हाईतर आमच्या गल्लीतल्या शाळेत बसंल मागच्या बाकावर. हात हालवायला काय, तिथं बी शिकंल."

ताहेरभाई गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. आठवडे-आठवडे पोरीचं तोंड दिसत नाही. त्यांना निर्दय म्हणायला जीभ रेटत नाही. पण वर्गभर ऐकणाऱ्या पोरांच्या मागे, शेवटच्या बाकावर, तिचं काय होणार हे मला माहीत आहे. तिच्याकडे तोंड करून बोलणारंसुद्धा कुणी नसेल.

सोमवार, ८ डिसेंबर

मुख्याध्यापक सिद्रामप्पा सरांनी जाहीर केलं – सुट्टी लागायच्या दिवशी लहान मुलांना थिएटरात पिक्चर! 'कॅप्टन टिमटिम'. कार्टूनचा, हिंदीत. थिएटरच्या मालकांनी सकाळचा खेळ दिलाय. मग मोबाइलवर त्याची जाहिरात दाखवली. चिमुरडा हिरो, गळ्यात लाल मफलर, छातीत दिवा. नाताळच्या आदल्या दिवशी थंडाराणी गावातले सगळे दिवे गोठवून टाकते आणि टिमटिमचा बाप बर्फात हरवतो. टिमटिम त्याला शोधायला उडतो.

मुलांनी जागच्या जागी त्याचं हातांचं नाव पाडलं – गळ्याभोवती हात फिरवायचा, मग छातीवर मूठ उघडायची. सगळा वर्ग टिमटिम, टिमटिम! मी म्हणाले, "हात खाली!" शाळेचा नियम आहे. वर्गात बोलायचं ते तोंडानं. वसतिगृहात मुलं हातांनी गप्पा मारतात. त्या मला कळतात. वर्गात मात्र मी न कळल्यासारखी वागते.

बर्फ कुणीच पाहिलेला नाही. वसतिगृहाच्या गौरम्मा मावशी मोबाइलात डोकावून म्हणाल्या, "अगं बाई, केवढा कापूस! एवढा वेचायला बाया कुठनं आणायच्या?" मुलांनीही बर्फाला कापूसच ठरवलं.

बुधवार, १० डिसेंबर

जाहिरातीच्या शेवटी टिमटिमला बाप सापडतो. त्याचा चेहरा पडदाभर मोठा होतो आणि तो ओरडतो – "पापा!" आज ते पुन्हा ऐकताना डोक्यात आलं. ओठांना 'पापा' आणि 'अब्बा' सारखेच. मिटायचे, उघडायचे. आमच्या मुलांना प, ब, म आधी दिसतात ते त्यामुळेच. थिएटरात एवढे मोठे ओठ मिटतील, ते पाहून मनतशा म्हणेल 'अब्बा' – आणि शेजारी ताहेरभाई बसलेले असतील!

हे शिकवणं झालं की नाटक बसवणं? लिहून ठेवते.

सोमवार, १५ डिसेंबर

आरशासमोर दोघी. ओठांपुढे मेणबत्ती. 'बा' म्हटलं की ज्योत हलली पाहिजे. तिचा हात माझ्या गळ्यावर, माझा तिच्या. ज्योत हलते, गळा थरथरत नाही. नुसतीच फुंकर.

मध्येच ती हात वर करते. दोन्ही मुठी आवळून छातीपासून बाजूला ताणते – सीटवर रेक्झिन ताणून बसवावं तशा. अब्बा. हा तिचा शब्द, तिनंच केलेला, कुणी शिकवलेला नाही. मी तिचे हात धरून मांडीवर ठेवते. "तोंडानं." ती पुन्हा मुठी ताणते, मला समजलं नसेल असं वाटून, जरा मोठ्यानं. म्हणजे मोठ्या हातांनी.

गुरुवार, १८ डिसेंबर

फुंकरच.

शुक्रवार, १९ डिसेंबर

आला! "अ – बा." घोगरा, बसक्या गळ्याचा, पण आवाज! माझ्या तळहाताला तिचा गळा थरथरलेला लागला. गौरम्मा दारातून ओरडल्या, "बोलली की गं विशाखाताई! पुन्हा म्हणायला लाव!" पुन्हा झाला. तिसऱ्यांदा नाही झाला.

संध्याकाळच्या फोनवर मी ताहेरभाईंना काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, मंगळवारी लवकर या, आमच्याबरोबर पिक्चरला बसा.

"मी? अन् कार्टून?" हसले. त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं.

मनतशाला पक्कं समजावलंय – टिमटिमला बाप सापडला की त्याच्या ओठांकडे बघायचं. ओठ मिटले की तू म्हणायचं.

मंगळवार, २३ डिसेंबर

फसलं. क्रमानं लिहिते, म्हणजे स्वतःला सूट दिली जाणार नाही.

ताहेरभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, हातात खारीचा पुडा. मनतशा मध्ये, एका बाजूला ते, एका बाजूला मी. पिक्चर खरोखर गोड होता. थंडाराणी शिंकली की बर्फाची घरं कोसळायची, आणि आमची मुलं खुर्च्यांवर उभी राहून हसायची. गौरम्मा पदर तोंडाला लावून रडल्या – थंडाराणीसाठी! "सणाला कुणी बोलवलंच न्हाई हो तिला. एकटी बाई, करंल काय?" मनतशा पडद्याच्या उजेडात वडिलांकडे वळून हातांनी सांगत होती. कापूस. खूप कापूस. टिमटिम पडला. उठला! ते मान डोलावत होते. फोनवर ती डोलावते, अगदी तशीच.

मग ती जागा आली. बर्फातून बाप उठला. टिमटिमचा चेहरा पडदाभर. "पापा!" थिएटरभर घुमलं. मनतशा श्वास धरून बसलेली, नजर त्याच्या ओठांवर. "पापा! पापा!" ती थांबली. अजून थांबली. मी तिच्या पाठीवर बोटं टेकवली – म्हण. तिनं माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठ्या, आणि परत पडद्याकडे. तोवर बाप-लेकाची मिठी झाली, दिवे लागले, गाणं सुरू झालं.

तेव्हा ती ताहेरभाईंकडे वळली आणि तिनं दोन्ही मुठी ताणल्या. एकदा. पुन्हा एकदा. मी तिचे हात धरून खाली दाबले. "तोंडानं! अब्बा!"

ताहेरभाईंनी विचारलं, "काय करून राहिली ती?"

मी म्हणाले, "काही नाही."

काही नाही!

बाहेर आल्यावर मनतशानं माझी ओढणी ओढली. ओठांवर बोट ठेवलं, मग 'खोटं'ची खूण केली. टिमटिमचं तोंड खोटं. मिटलंच नाही. मला वाटलं, पोर सबब सांगते आहे.

"जाऊ द्या म्याडम," ताहेरभाई म्हणाले. "तुम्ही लई केलं." वसतिगृहावर परतल्यावर त्यांनी तिची पेटी रिक्षात ठेवली आणि अंथरुणाची वळकटीही. सुट्टीला जाताना वळकटी कुणी नेत नाही. रिक्षात बसल्या बसल्या ती पुन्हा पिक्चर सांगायला लागली. येणारेजाणारे बघायला लागले. ताहेरभाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरले. मायेनं, की गप्प करायला? मला सांगता येणार नाही. मी ते का धरले होते, हे तरी कुठे नीट सांगता येतंय!

बुधवार, २४ डिसेंबर

सकाळी मोबाइलचा आवाज बंद करून जाहिरात पाहिली. नुसते ओठ.

मिटत नाहीत.

पुन्हा पाहिली. मिटतच नाहीत! पिक्चर मुळात इंग्रजी. टिमटिम 'पापा' म्हणतच नाही, 'डॅड' म्हणतो. जिभेचा शब्द, ओठ उघडेच. हिंदी आवाज वरून चढवलेला. वीस वर्षं मी बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला शिकवते आणि हा पिक्चर मी कानांनी पाहिला. मनतशा मी सांगितलं म्हणून ते मिटायची वाट बघत बसली. तिचं काही चुकलं नाही. तिला शब्द येत होता, मीच तिला भलत्या ओठांवर सोपवलं.

शुक्रवार, २६ डिसेंबर

आज मी फोन केला. ओठांचं सगळं सांगितलं. चूक पोरीची नाही, माझी. आरशापुढे ती दोनदा म्हणाली होती, गौरम्मांनी ऐकलंय, हेही सांगितलं.

"हाव," ताहेरभाई म्हणाले. एवढंच. मागे शिलाई मशीन चालू होती.

दुसरं सांगावं की नको, यावर दोन दिवस घोळत होते. सिद्रामप्पा सर म्हणतात, आईबापांसमोर हातांचं कौतुक करू नका, मग पोरं तोंड उघडत नाहीत. उद्या कंडक्टरला, दुकानदाराला हात कळणार आहेत का? सरांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण मी थिएटरात 'काही नाही' म्हणाले, ते धडधडीत खोटं होतं.

"ताहेरभाई, ती तुमच्याकडे बघून मुठी ताणत होती ना – ते तुमचं नाव आहे. तुम्ही रेक्झिन ताणता ते. तिनंच ठेवलंय. ती शाळेत आल्यापासून तुम्हाला तशी हाक मारते. वर्गात मीच तिचे हात खाली करते."

मशीन थांबली. मग, "गिऱ्हाईक आलंय म्याडम," आणि फोन बंद.

बरं केलं की वाईट? स्वतःचं ओझं हलकं करायला त्यांच्यावर टाकलं, असं तर नाही ना?

शुक्रवार, २ जानेवारी

शाळा सुरू झाली. मनतशा नाही. तिच्या खाटेवर गौरम्मांनी दुसऱ्या मुलींच्या गोधड्या रचल्या होत्या. मी उचलायला लावल्या. "उगं जागा अडवून काय करताव?" म्हणत उचलल्या, पण खाट पुसूनही घेतली.

फोन आला नाही. मी केला नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

आली! तिची आई, गौसिया, घेऊन आली. पेटी, वळकटी, सगळं. मनतशा माझ्या कमरेला बिलगली आणि लगेच सोडून मैत्रिणींकडे पळाली.

गौसिया ओट्यावर टेकली. "मार्चपर्यंत बघू, बोलले तिचे अब्बा. लई रडली ना पोरगी, म्हणून. त्यांचं मन न्हाई."

"घरी काय करायची दिवसभर?"

"पिक्चर सांगायची!" गौसिया हसली. "रोज, दुकानासमोरच्या पायरीवर. गल्लीतली पोरं जमायची. आता ती पोरं बी तसंच करून राहिलीत, गळ्यातून हात फिरवून, छाती उघडून. एक पोरगं तर थंडाराणी होतंय, शिंकून शिंकून जीव खातंय."

"आणि ताहेरभाई?"

"आतून बघतेत. आम्ही बघितलं की कात्री शोधतेत."

शुक्रवारच्या फोनचं मी विचारलं. ती पदराशी चाळा करत राहिली. "ते बोलले, आता कानाला लावून काय फायदा?"

मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार होते?

शुक्रवार, ९ जानेवारी

फोन नाही. जेवणाच्या घंटेऐवजीचा लाल दिवा लागेपर्यंत मनतशा ओट्यावर बसून होती. मी शेजारी बसले.

शुक्रवार, १६ जानेवारी

फोन वाजला. ताहेरभाई! मी घाईनं, न बघताच, तो मनतशाच्या कानाला लावला. तिनं माझ्या हातातून ओढला आणि तोंडासमोर धरला.

व्हिडिओ होता. दुकान, मागे रेक्झिनची भेंडोळी. समोर ताहेरभाई. फोन कशाला तरी टेकवून ठेवला, दोन पावलं मागे गेले आणि दोन्ही मुठी आवळून ताणल्या.

मनतशानं मान हलवली. असं नाही. छातीपासून. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि करून दाखवलं.

त्यांनी पुन्हा केलं.