मागच्या पायाची टाच

सर, तुम्हाला ठोसा मारता येत नव्हता. हे लिहायला मला पंचवीस वर्षं लागली, पण आज लिहितोच. परवा परळच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, कुठला खेळ खेळायचात? बॉक्सिंग म्हटल्यावर म्हणाले, मग पाय फिरवायला कुणी शिकवलं नाही का? काय सांगणार, कप्पाळ? पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचाय. तुमची आठवण येतेय, पण ती काही प्रेमाने नाही.

आपली व्यायामशाळा म्हणजे चाळीमागची पत्र्याची खोली, खाली शहाबादी फरशी, वर टांगलेली चिंध्या भरलेली एक बॅग. तुम्ही समोर उभे, पांढरे कॅनव्हासचे बूट, डावा पाय पुढे, उजवा मागे, आणि मागची टाच जमिनीला खिळलेली. सगळं जग शिकवतं, उजव्या हाताचा ठोसा मारताना मागची टाच उचला, चवड्यावर पाय फिरवा. पायामागून कंबर फिरते, कंबरेमागून खांदा, हात जातो सगळ्यांत शेवटी. तुम्ही काय शिकवलंत? ‘‘टाच हलूची नाय, मेल्या.’’ आणि हलली की पोटरीवर छडी. कंबर फिरतेय, पाय जागच्या जागी, मधल्यामधे गुडघ्याचं मरण. आम्ही वीस जण बावळटासारखे तसेच उभे राहायचो, आणि तुम्ही ऐटीत त्याला ‘आपली पद्धत’ म्हणायचात. डोंबलाची पद्धत.

तुमच्या बाराव्याला काकू सहज बोलून गेल्या, गिरणीत मागाच्या साच्याखाली पाय सापडला तेव्हापासून ह्यांचा उजवा घोटा वळतच नव्हता, जिना उतरतानासुद्धा कठडा धरायचे. म्हणजे तुमची टाच उचलत नव्हती, म्हणून आम्ही वीस जणांनीही उचलायची नाही. एकदा खरं सांगितलं असतंत तर काय आभाळ कोसळणार होतं? कामावर घोटा मोडला, त्यात लाज कसली? पण नाही, पोरांसमोर अधू दिसायचं नव्हतं तुम्हाला. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी बोलणार. भित्रे होता तुम्ही.

आता दादरच्या निवड स्पर्धेचं. तिथे मी पहिल्याच फेरीत हरलो. तुम्ही बाहेर जाऊन पंचांशी भांडत होतात. मी हाताच्या पट्ट्या सोडत बसलो होतो, तेव्हा दुसऱ्या क्लबचे एक म्हातारे प्रशिक्षक जवळ येऊन बसले. माझ्या बुटाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘हात चांगलाय रे तुझा, पण मागचा पाय मेलेला आहे. महिनाभर माझ्याकडे ये. टाच सुटेल, गुडघाही वाचेल.’’ पत्ता लिहून दिला, वडाळ्याचा. इथून बसने जेमतेम वीस मिनिटं.

हे मी घरी कधी सांगितलं नाही. बायकोला, मुलीला हेच ऐकवत आलोय की माझा गुडघा माझ्या सरांनी घालवला. हा कागद एक्स-रेच्या पाकिटात सरकवून ठेवतो, तिथे कोण बघतंय. वडाळ्याला मी गेलो नाही, सर. तुम्हाला कळलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं.