हॅरी म्हणजे बसू न देणं

बाई, नववीच्या वर्गात तुम्ही 'हॅरी' हे इंग्रजी क्रियापद फळ्यावर लिहिलंत आणि म्हणालात, "एकदाच मारलं तर ते हॅरी नव्हे. पुन्हा पुन्हा धाड घालून माणसाला बूड टेकू द्यायचं नाही, ते हॅरी. करा वाक्य." सगळ्या पोरींनी शत्रूचं सैन्य आणि बिचारी गावं लिहिली. मी लिहिलं, अतिक्रमणवाल्यांची गाडी माझ्या आईला हॅरी करते. तुम्ही फाडकन म्हणालात, "काहीतरीच! हा शब्द सैन्याला, लुटारूंना वापरतात." वर्ग खो खो हसला. इतका राग आला होता मला तुमचा, की मधल्या सुट्टीत मी डबासुद्धा उघडला नाही.

आई गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, झेंडू विकायची. टोपलीत नाही, जुन्या लुगड्याच्या फडक्यावर. गाडी दिसली की चार टोकं धरायची आणि पळायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही फुलं घ्यायला आलात. आई तुमचाच झेंडू तोलतेय आणि कुणीतरी ओरडतं, "गाडी!" आईच्या हातात तराजू. दोन टोकं मी धरते, दोन तुम्ही उचलता. अहो, तुम्ही, कडक इस्त्रीच्या साडीत! बोळात शिरल्यावर धापा टाकत तुम्ही विचारलंत, "रोज असंच?"

"रोज कुठं बाई? कधी येती, कधी नाय. नाय आली त्या दिवशी लय जीव खाती," आई म्हणाली.

दसऱ्यानंतर शाळा भरली तेव्हा माझं वाक्य फळ्यावर लिहून म्हणालात, "बरोबर आहे." तेवढंच. मला रडू आलं.

पुढे गाडीने तराजू नेला, फडकंही नेलं, आणि आईने गंगेवर बसणं सोडलं. तरी घरात जेवताना बाहेर ट्रक थांबला की तिचा घास हातातच राहायचा. शेवटच्या आजारात ती अंगावरच्या चादरीची टोकं गोळा करत राहिली. "आई, गाडी नाही आली गं," मी सांगायची. "येईल," ती म्हणायची. तोवर तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे कळेल असं दुसरं कुणी मला नव्हतं, बाई.

आता मीही इंग्रजी शिकवते. हॅरी आला की तुमचाच अर्थ सांगते, आणि मुली वाक्यं लिहितात तोवर खुर्चीत बसते; अगदी कडेला, पर्स मांडीवर घेऊन. हे पत्र कुठे टाकायचं नाही, कसली घाई नाही, घरात कुणी नाही. तरी ओट्याशी उभ्यानेच लिहितेय. मला अजून टेकता येत नाही, बाई.