कुनिमात्सुकाकांचा नंबर

हिनोसे, १२ मे १९८७

ती. हिसाएताईस,
मोरिओचा कमरेतून वाकून नमस्कार, वि. वि.

सोबत पेपरचं कात्रण आहे. नगराध्यक्षांच्या शेजारी दाढ दुखत असल्यासारखा जो उभा आहे, तो मी. मथळा वाचून हसू नकोस. ‘प्रामाणिक स्पर्धेमुळे गावाचे पाच लाख येन वाचले.’ शाळेच्या नव्या व्यायामशाळेचं काम आपल्या कंपनीला मिळालं.

तुझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, इकडची रीत विसरली असशील. सरकारी कामाचं टेंडर नगरपालिकेत उघडतं, पण ठरतं ओतोमीबाईंच्या खानावळीच्या माडीवर. आम्ही सात ठेकेदार तिथे मांडी मोडून बसतो. ज्याचा नंबर असेल तो आपला आकडा सांगतो, बाकीचे सहा जण त्याच्याहून वरचा आकडा भरतात आणि हरतात. हरण्यात आमच्याइतकं कसब कुणाचं नाही.

या खेपेला नंबर कुनिमात्सुकाकांचा होता. माझ्याकडे दोन लिफाफे होते. एकात ठरलेला वरचा आकडा, दुसऱ्यात आपला सरावासाठी केलेला खरा हिशेब. कोटाच्या खिशातून नेमका चुकीचा निघाला. तोच सभागृहात वाचून दाखवला गेला.

माफी मागायला घेवड्याच्या गोड वड्यांचा डबा घेऊन काकांकडे गेलो. दार उघडलं नाही, म्हणून पायरीवर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी डबा आमच्या उंबऱ्यावर, रुमालाची गाठसुद्धा तशीच. चुकीला माणूस काय करणार, सांग.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवण्यासारखं मी काही केलेलं नाही.

तुझा,
मोरिओ


सेन्दाई, २० मे

चि. मोरिओस,
आशीर्वाद. नेहमी अनेक पाठवते, या वेळी एकच.

फोटो पाहिला. टाय बाबांचा आहे. तो त्यांच्यावर शोभायचा.

लिफाफा चुकला म्हणतोस. शाळेत असताना तू डाव्या आणि उजव्या मोज्यावर वेगवेगळ्या रंगाचे टाके घालून घ्यायचास आईकडून. तुझा लिफाफा चुकेल? शिवाय ते कात्रण पाठवताना तू स्वतः वाचलंस की नाही? काकांचा आकडा एकवीस कोटी, तुझा पाच लाखांनी कमी. सरावाचा हिशेब करून आलेला आकडा दुसऱ्याच्या आकड्याला इतका खेटून बसत नाही. तो हिशेब करून नाही, ऐकून येतो.

बाबा गेले त्या वर्षी पुलाच्या कामाचा नंबर काकांचा होता. माडीवर त्यांनी तो तुला देऊन टाकला. आपली नऊ माणसं त्या पुलावर जगली आणि कंपनीची पाटी खाली उतरली नाही. तेव्हा तू माझ्यासमोर रडला होतास, मी तुला नाक पुसायला रुमाल दिला होता. तो अजून परत आलेला नाही.

पुढच्या पत्रात खरं लिही, नाहीतर हवामानाचं लिही. मधलं काही नको.

तुझी,
हिसाए


हिनोसे, ६ जून

ती. ताईस,
वाकून नमस्कार. जरा जास्तच वाकून.

हवामान दमट आहे. आता खरं.

लिफाफा एकच होता. माडीवर जेवण झाल्यावर मी काकांचा पेला भरत होतो, तेव्हा ते सगळ्यांना म्हणाले की मी तो पूल सोडला नसता तर हे पोरगं आज माझ्याकडे वाळू चाळत असतं. सगळे हसले. मीही हसलो आणि पेला काठोकाठ भरला. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच झोंबलं असणार. आकडा त्यांनी विश्वासाने सांगितलाच होता. सकाळी मी त्यातून पाच लाख वजा केले. जास्त करायलाही मन होईना. कोत्या मनाची चोरीसुद्धा कोतीच निघते.

आणि वर पेपरवाल्यांनी मला प्रामाणिक ठरवलं. नाक्यावरचा न्हावी दाढीचे पैसे घेत नाही. मी रोज लांबच्या न्हाव्याकडे जातो.

काकांची कंपनी गेल्या आठवड्यात बंद झाली. बँक याच कामाची वाट बघत होती. त्यांची चौदा माणसं आपल्याकडे कामाला आली, मी एकालाही नाही म्हणालो नाही. सोमवारी सकाळी काम सुरू होण्याआधी सगळ्यांची व्यायामाची ओळ लागली, तेव्हा शेवटच्या रांगेत हेल्मेट घालून काकाही उभे होते. वय एकाहत्तर. व्यायामाच्या संगीताचा टेपरेकॉर्डर लावायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलं. मला त्यांनी ‘मालक’ म्हणून हाक मारली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. साधंच म्हणाले, माणूस मालकाला म्हणतो तसं.

काम सोडून द्यावं असं रोज वाटतं, आणि रोज मी नऊ वाजता सिमेंटची गाडी उतरवून घेतो.

माया करायचं थांबवू नकोस, एवढंच मागतो.

मोरिओ


हिनोसे, ९ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार.

चार महिने तू लिहिलं नाहीस, मीही नाही. आज मात्र लिहिण्यासारखं आहे. काल छपराचा कणा चढला. देवळातून पुजारी आले होते. छपरात ठोकायच्या फळीवर बांधणाऱ्याचं नाव ब्रशने लिहायचं असतं. मी कुणाला न सांगता आपल्या कंपनीच्या जागी ‘कुनिमात्सु’ लिहिलं आणि स्वतः वर चढून फळी ठोकली. खाली उतरलो तेव्हा पाच महिन्यांत पहिल्यांदा खांदे हलके वाटले. आता तरी तू मला तुझा भाऊ म्हणशील.

पर्सिमन फळांची एक पेटी रेल्वेने पाठवली आहे.

लोभाची वाट पाहणारा,
मोरिओ


सेन्दाई, १५ ऑक्टोबर

चि. मोरिओस,
आशीर्वाद.

पर्सिमन गोड होते, पत्र नव्हतं.

ती फळी कोण वाचणार? छप्पर पाडतील तेव्हा गवंडी वाचतील. तोवर काका नसतील, तू नसशील. अपमान तुझा सहा जणांसमोर झाला. त्याची भरपाई तू सगळ्या गावासमोर करून घेतलीस, फोटोसकट. आणि माफी मागायला जागा शोधलीस ती कबुतरांमधली.

मोज्यांना टाके आत घालायचे असतात. माफी बाहेरून दिसली पाहिजे.

भाऊ तू माझा आहेसच. त्यावर कुणी टेंडर मागवलेलं नाही.

हिसाए


हिनोसे, २३ ऑक्टोबर

ती. ताईस,
मोरिओचा नमस्कार. या वेळी सरळ उभं राहून.

मंगळवारी नगरपालिकेचा देखरेख अधिकारी कामावर आला होता. तो असतानाच करायचं ठरवलं, म्हणजे नंतर शब्द गिळता येणार नाहीत. सकाळची ओळ लागली. तीस माणसं. मी खोक्यावर चढलो आणि म्हणालो, “हे काम कुनिमात्सुकाकांचं होतं. माझा लिफाफा चुकला नव्हता. त्यांनी विश्वासाने सांगितलेला आकडा मी चोरला.” मग माडी, नंबर, हरायची रीत, सगळं सांगितलं. अधिकाऱ्याने वही उघडली. मी त्याला ‘काकांचा आकडा’ म्हणजे काय ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याला ते ऐकायचंच नव्हतं.

आता नगरपालिकेच्या ठेकेदारांच्या यादीतून माझं नाव जाईल. बाकीच्या पाच जणांची चौकशी होईल. ओतोमीबाईंनी निरोप धाडला आहे की पाऊल ठेवू नकोस. व्यायामशाळा पुरी होईल, त्यापुढे कंपनीचं काय ते माहीत नाही. नाक्यावरच्या न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले, आणि सुटे परत देताना हातात नाही दिले, बाकावर ठेवले.

बोलून झाल्यावर मी खाली वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. बऱ्याच वेळाने शेवटच्या रांगेतून टेपचं बटण दाबल्याचा आवाज आला. संगीत सुरू झालं, तीसही जणांनी हात वर केले. मीही केले. माझ्या मागे येऊन कुणीतरी उभं राहिलं आणि माझं कोपर दोन बोटांनी वर ढकललं.

“मोरिओ, हात वाकतोय,” काका म्हणाले.

रुमाल धुऊन पाठवत आहे. लोभाचं या वेळी तूच ठरव.

तुझा,
मोरिओ